चौथ्या शोकफलकाची कोरी बाजू

१

सोमवारी सकाळी रंगारी आला. चर्चच्या मागच्या भिंतीला टेकवलेल्या फलकांवरची चादर त्याने काढली आणि म्हणाला, "साहेब, चार सांगितले होते ना तुम्ही? इथे तर तीनच आहेत."

मी तिथेच होतो. सोमवारी चर्चमधल्या फुलदाण्यांचं पाणी बदलायचं काम माझ्या बायकोचं, थर्झाचं. वसंतात ती गेली. तेव्हापासून मी करतो.

आदल्या दिवशी सुगीचा रविवार झाला होता. त्या दिवशी सगळं गाव आपल्या बागेतलं काहीबाही आणून चर्चमध्ये मांडतं आणि बुधवारी ते सगळं वृद्धाश्रमात जातं. त्यामुळे टेबल अजून भरलेलं होतं. भोपळे, कांद्यांच्या माळा, सफरचंदं, मुरंब्याच्या बरण्या, आणि मधोमध गव्हाच्या पेंढीसारखा भाजलेला मोठा पाव. त्या पावाच्या दोन-तीन लोंब्या कुणीतरी तोडल्या होत्या. मला पाण्याचा जग ठेवायला जागा मिळेना. नेहमीचं लांब टेबल नव्हतंच. त्याला वाळवी लागली म्हणून यंदा चौकोनी मांडलं होतं. पांढरं कापड मात्र जुनंच, त्यामुळे ते दोन बाजूंना जमिनीवर लोळत होतं आणि दुसऱ्या दोन बाजूंना जेमतेम पुरत होतं.

"चारच होते," पाद्री नील टान्स्ली म्हणाला. तरुण माणूस आहे, गावात नवा. "गुरुवारी मी स्वतः गवंड्यांबरोबर उतरवले. कोणता गेला?"

वंशावळीचं काम करणारे मिस्टर पिम तेवढ्यात आत आले होते. त्यांनी तिन्ही फलक पाहिले. "सर एडमंडचा," ते म्हणाले.

गावचा मोठा वाडा म्हणजे कोल्डहर्स्ट हॉल. तिथलं कुणी वारलं की कुलचिन्ह रंगवलेला लाकडी फलक हॉलच्या दारावर लावायचे. पत्त्यातल्या चौकटीसारखा, एका टोकावर उभा. वर्षभर तो दारावर राहायचा आणि मग चर्चच्या भिंतीवर यायचा. लॅस्कम घराण्याचे असे चार फलक आमच्याकडे होते.

घराण्यातली शेवटची बाई, मिस ऑनर लॅस्कम, पुढच्या बाकावर काठी धरून बसली होती. वय चौऱ्याऐंशी. ती मागे न वळताच म्हणाली, "गेला तर गेला. काळं लाकूड होतं नुसतं."

मी जग हातात धरून तसाच उभा राहिलो. प्रार्थनेचं एक पुस्तक हरवलं तरी घरोघर फिरून विचारणारी बाई ती.

२

थर्झा माहेरची क्रू. आमच्या गावात क्रू म्हणजे 'मागच्या दाराचे क्रू'. दोनशे वर्षांपूर्वी हॅना क्रू हॉलमध्ये घर सांभाळायला होती. तिला सर एडमंडपासून मुलगा झाला. एडमंड वारल्यावर त्याच्या धाकट्या भावाने, चार्ल्सने, हॉल घेतला आणि ते मूल आजीकडे पाठवलं. ते आजीच्या नावाने क्रू म्हणून वाढलं. एडमंडने लग्न केलंच नाही असं सगळे सांगत आले. शाळेत थर्झाला मुलं म्हणायची, "ए, तू मागून ये." आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पबमधला एक जण ओरडला होता, "लेन, नवरीला पुढच्या दारानं न्यायचं, बरं का!" थर्झा हसली होती. पण तिला ते लागायचं.

मग ती शोधाला लागली. मी बस चालवायचो. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याच बसमध्ये बसून शहरातल्या दफ्तरखान्यात जायची. हाती काही लागलं नाही. शेवटच्या वर्षी, दुखणं वाढलेलं असताना, चर्चमधून आली आणि म्हणाली, "लेन, एडमंडच्या फलकावर उजवीकडचा रंग गळालेला नाही. तिथे नुसता राखाडी रंग सरळ ब्रशने दिलाय. ती जागा कोरी ठेवलीय कुणीतरी. ती कुणाची तरी आहे."

फुलं लावणाऱ्या सगळ्या बायकांना तिने ते सांगितलं होतं. ती गेल्यावर मी मिस्टर पिमना सांगितलं. मिस ऑनरने हॉल एका संस्थेला देऊन टाकला आहे, शनिवारी तो लोकांना पाहायला खुला होणार होता, आणि दालनात लावायचा वंशावळीचा मोठा तक्ता पिमच करत होते. तक्त्यावर होतं: एडमंड, अविवाहित.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "मिस्टर फिच, नियम साधा आहे," ते म्हणाले. "फलकाची डावी बाजू नवऱ्याची, उजवी बायकोची. जो वारला त्याच्या चिन्हामागची जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, काळी, जो जिवंत आहे त्याच्यामागची पांढरी. माणूस अविवाहित असेल तर सगळी काळी. एडमंडचा सगळा काळा आहे. दुसरा पुरावा आणा, मी आनंदाने तक्ता बदलतो."

आता तर तो फलकच नव्हता.

मी शेजारच्या मॉड ऑकेन्डनकडे गेलो. ती जन्मभर या भागात सरकारी नर्स होती. निम्म्या गावाचा जन्म तिने पाहिला आणि उरलेल्या निम्म्याची पाठ. शेवटच्या महिन्यांत थर्झाला अंघोळ तीच घालायची.

"तुला चोर हवाय की फलक?" तिने विचारलं.

"शनिवारी त्या तक्त्यावर हॅनाचं नाव हवंय. बायको म्हणून. दुसरं काही नको."

"कोट घाल," मॉड म्हणाली.

३

आधी पाद्री. तो चर्चच्या आवारात पानं गोळा करत होता.

"चर्चला कुलूप कधी असतं?" मॉडने विचारलं.

"रात्री. दिवसा उघडंच असतं. पण गुरुवारपासून सतत कुणी ना कुणी आत होतं, मॉड. शुक्रवारी मिस ऑनर सकाळपासून होत्या, टेबल नेहमी त्याच मांडतात. शनिवारी तर जत्राच."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"मी? ओझी उचलत होतो." तो कसनुसा हसला. "मिस ऑनर म्हणाल्या हे इकडे ठेव, की इकडे. ते तिकडे, की तिकडे. धर्मशास्त्र शिकलो कशाला कोण जाणे."

"पाठ दुखतेय ना? वाकताना हात कमरेवर जातोय तुमचा. गरम पाण्याची पिशवी घ्या."

मग आम्ही पबबाहेरच्या बाकावर गेलो. तिथून चर्चचं फाटक समोर दिसतं आणि तिथे तीच म्हातारी मंडळी रोज बसलेली असतात. मॉडने त्यांना विचारलं. तीन दिवस आत जाणाऱ्या वस्तू त्यांनी पाहिल्या होत्या. कुणाचा भोपळा कुणापेक्षा मोठा यावर त्यांचं भांडण अजून चालूच होतं. बाहेर जाताना काहीच पाहिलं नव्हतं.

"एवढा रुंद फलक कोटाखाली लपवता येत नाही," मॉड मला म्हणाली. "मागचं दार?"

"नाही. सगळ्याला ते एकच दार."

"हं."

मिस्टर पिम हॉलच्या दालनात होते. तक्ता तयार होता, सोनेरी अक्षरांत. मला त्याच्याकडे बघवेना.

"तुम्हाला माझा संशय येणारच," पिम म्हणाले. "फलक नसला तर माझं लिहिलेलं तसंच राहतं. पण खरं सांगू का? तुमच्या बायकोचं म्हणणं खरं निघावं असं मला वाटत होतं. तिने एकदा मला सँडविच दिलं होतं दफ्तरखान्यात. मी उपाशी दिसतो म्हणाली."

"दिसताच तुम्ही," मॉड म्हणाली. "रंगारी काय करणार होता फलकांना?"

"कोळशाच्या शेगडीची काजळी बसून सगळे मळलेत. संस्थेचं म्हणणं, काळी जमीन पुन्हा काळी करून घ्यावी, म्हणजे शनिवारी छान दिसतील. मी विरोध केला होता. माझं कोण ऐकतं."

"चारी फलकांना काळा रंग?"

"एडमंडच्या फलकाला तर संपूर्ण."

हॉलच्या पायऱ्या उतरताना मॉड थांबली. "लेन, आपण उलटं बघतोय. सोमवारी त्या फलकावर रंग चढणार होता. ज्याने कुणी तो हलवला, त्याने तो लपवला खरा. पण वाचवलासुद्धा."

४

आम्ही पुन्हा चर्चमध्ये आलो. फलक जिथे टेकवलेले होते तिथे मॉड गुडघ्यांवर बसली आणि फरशीवर हात फिरवू लागली. पाद्रीही वाकून बघत होता.

"उंदराच्या लेंड्या आहेत त्या, मॉड. त्यांनीच पाव कुरतडलाय. बेकरीतून शुक्रवारी आला आणि दुपारपर्यंत लोंब्या गायब."

मॉडच्या तळहातावर काळ्या, लांबट गोळ्या होत्या. तिने एक बोटांत चुरडली, हुंगली आणि जिभेवर ठेवली.

"अहो!" पाद्री ओरडला.

"खारट आहे," मॉड म्हणाली. "सुगीच्या पावात बेकर मुठी-मुठीने मीठ घालतो, टिकावा म्हणून. उंदीर तोंड लावत नाही त्याला. हा पाव आहे, नील. पावाचा मऊ भाग. बोटांनी वळलेला आणि काजळीने काळा झालेला."

"पावाला काजळी कशी लागेल?"

मॉड माझ्याकडे बघत होती. "मी नवीन नर्स होते तेव्हा हॉलमध्ये एक म्हातारी मोलकरीण आजारी होती. तिचे हात तेवढे गोरे राहिलेले. मी विचारलं तर म्हणाली, पावामुळे. वर्षातून दोनदा हॉलमधली सगळी चित्रं त्या मुली शिळ्या पावाने पुसायच्या. पाण्याने रंग जातो, पावाने नुसती काजळी निघते."

"ती बाई तर कधीच गेली," मी म्हणालो. "त्या मुलींतलं कुणीच नाही आता."

"मुली नाहीत," मॉड म्हणाली. "पण त्यांच्या मागे मागे फिरणारी एक लहान पोर होती घरात. ती आहे."

५

मिस ऑनर आता हॉलच्या फाटकाजवळच्या छोट्या घरात राहते. तिने चहा केला. मॉड किटली घ्यायला पुढे झाली. मिस ऑनरने ती घेऊ दिली नाही.

"बस, लेनर्ड. कशी मांडणी झाली होती रविवारी?"

"छान होती, मिस ऑनर."

"छान कसली? ते टेबल म्हणजे लाज होती. कापड बघितलंस? पण कोण बघतं हल्ली."

"मी बघितलं," मॉड म्हणाली. "आणि लांब टेबलही बघितलं, मनोऱ्याखाली उभं केलंय ते. त्याला वाळवी नाही, मिस ऑनर. एक भोक नाही."

म्हातारीने कप बशीत ठेवला. आवाज झाला.

"फलक चर्चबाहेर गेलेलाच नाही," मॉड हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही एकटीने तो उचलणं शक्य नाही. पण तुम्ही सांगितलेलं सगळं आमचा पाद्री उचलतो."

मग मिस ऑनर उठली. "माझी टोपी दे, मॉड. आणि त्या पिमला बोलवा. त्याच्यासमोरच होऊ दे."

चर्चमध्ये आम्ही भोपळे खाली ठेवले, बरण्या बाकावर मांडल्या. पाद्रीने कापड ओढलं. खाली दोन लाकडी टेकूंवर एक चौकोनी लाकडी फळी होती, पाठ वर करून ठेवलेली.

"देवा," पाद्री म्हणाला. "हे मीच आणलं. त्या म्हणाल्या, ती फळी घे चादरीखालची, पालथीच राहू दे. मी... मी बघितलंसुद्धा नाही."

"बाळा, तू कधीच बघत नाहीस," मिस ऑनर म्हणाली. "म्हणून तर तुला सांगितलं."

आम्ही फळी उलटली. मधलं कुलचिन्ह मळकं होतं, डावा अर्धा लॅस्कमांचा, उजवा कोरा राखाडी. भोवतालची जमीन काळीकुट्ट. पण डाव्या कडेला हाताएवढा भाग पुसलेला होता, आणि तो पांढरा होता.

पिमनी खिशातून चष्मा काढला, लावला, पुन्हा काढून पुसला. "पाव आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

मॉडने सुगीच्या पावाची आणखी एक लोंबी मोडून दिली. पिम पुसत गेले. डावीकडे वर, डावीकडे खाली, सगळीकडे पांढरं निघालं. मग त्यांनी उजवीकडे पुसलं. पाव मळला, लाकूड काळंच राहिलं. तिथे काळा रंग होता, काजळी नव्हती.

"डावी पांढरी, उजवी काळी," पिम म्हणाले. "नवरा जिवंत, बायको वारलेली. मिस्टर फिच, हा एडमंडच्या मरणाचा फलक नाहीच. हा एडमंडने स्वतः लावला. बायकोसाठी."

"आणि ही कोरी जागा?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"इथे तिच्या माहेरचं कुलचिन्ह यायला हवं. बड्या घरची असती तर आलं असतं. तिच्या घराण्याला कुलचिन्ह नव्हतं, म्हणून त्याने जागा ठेवली आणि कोरी सोडली. खाली जे साल आहे त्या वर्षी हॉलमधली एकच बाई या चर्चच्या दफनाच्या नोंदीत आहे. हॅना क्रू, वसंतात. एडमंड त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर गेला. साल एकच, म्हणून सगळ्यांनी हा त्याचाच समजला. वेगळा फलक चार्ल्सने करूनच घेतला नसणार. मग काजळीने उरलेलं काम केलं."

"ठेवलेल्या बाईसाठी लावला असेल तर?" पाद्रीने विचारलं.

"पुढच्या दारावर? वर्षभर, सगळ्या परगण्यासमोर? नाही. हा मान लग्नाच्या बायकोचाच."

मी बाकावर बसलो. मॉड माझ्या शेजारी बसली, पण तिने मला हात लावला नाही. ते तिला कळतं.

६

मिस ऑनर उभीच होती.

"थर्झाने फुलं लावताना मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "ती कोरी जागा कुणाची तरी आहे म्हणून. मी म्हटलं, गप्प बस, फांदी नीट काप. पण शुक्रवारी ते फलक माझ्या हाताच्या उंचीवर होते. मी पुसून पाहिलं. वाटलं, काळंच निघेल आणि मला झोप लागेल." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "माझे वडील म्हणायचे, चार्ल्सने घर बुडण्यापासून वाचवलं. आम्ही सगळे त्याचे. त्याच्या तसबिरीखाली मी लहानाची मोठी झाले. आणि पांढरं निघालं. म्हणजे घरात खरा वारस होता, लहानसा, आणि त्याला आजीकडे घालवून दिलं."

"मग सांगितलं का नाहीत?" मॉडने विचारलं.

"सांगवेना. आणि सोमवारी तो माणूस त्यावर काळं फासणार, तेही बघवेना. बुधवारी टेबल आवरतील तेव्हा ज्याला दिसेल त्याला दिसू दे, म्हटलं. देवावर सोडलं."

"देवावर नाही, भोपळ्यांवर," मॉड म्हणाली.

मिस ऑनरला हसू आलं, आणि मग ती रडू लागली. मी उठून तिला जागा करून दिली. ती बसली. काय बोलावं ते थर्झाला कळलं असतं.

"लेनर्ड," ती म्हणाली, "तुझी बायको माझ्या भाऊबंदांतली होती. साठ वर्षं आम्ही एका बादलीतलं पाणी फुलांना घातलं, आणि मी तिला कधी हॉलच्या पुढच्या दाराने आत बोलावलं नाही."

"ती आली नसती," मी म्हणालो. "मागच्या दाराने स्वयंपाकघर जवळ पडतं, म्हणायची."

ते खरंच ती म्हणायची.

संस्थेच्या लोकांनी कुरकुर केली. सोनेरी अक्षरं वाळली आहेत, शनिवार तोंडावर आहे, आता एका फलकावरून कशाला बदलायचं. मिस ऑनर काठी टेकत त्यांच्या बैठकीत गेली. आत काय झालं ते कुणी सांगत नाही. पिम स्वतः शिडीवर चढले, 'अविवाहित' खरवडून काढलं आणि तिथे लिहिलं: पत्नी हॅना क्रू. त्याखाली त्यांचा मुलगा, आणि तिथून एक रेघ खाली थर्झापर्यंत. आमच्या दोघांचं मूल नाही, म्हणून रेघ तिथे संपते. तिच्या नावाच्या बाजूला पिमनी माझंही नाव घातलं. मी नको म्हणालो होतो.

शनिवारी दार उघडलं तेव्हा गावातले क्रू आडनावाचे सगळे आले होते. पबमधल्या म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाला, "आता तुम्हाला काय म्हणायचं रे आम्ही?" थर्झाची चुलतबहीण म्हणाली, "गुड मॉर्निंग म्हण की. जमतंय का बघ."

एडमंड आणि हॅनाचं लग्न कुठे लागलं ते अजून सापडलेलं नाही. आमच्या चर्चच्या नोंदींत नाही, आजूबाजूच्या गावांतही नाही. पिम म्हणतात, शहरात कुठेतरी गुपचूप लागलं असणार. तिथली चर्च पुष्कळ आहेत. थर्झाने एकेक करून पाहिली असती. मी अजून त्यांतल्या एकाही चर्चमध्ये गेलेलो नाही.